काठ आणि उतार : जालना जिल्ह्यातील नदीकाठच्या नगरांच्या अभ्यासाची प्रस्तावना

नदीकाठचे नगर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बहुधा दोन चित्रे उभी राहतात. एक नाशिक-पैठणचे. त्यात दगडी घाट, देवळांच्या रांगा, पर्वणीला लोटणारी गर्दी. दुसरे पुस्तकांतून आणि पडद्यावरून ओळखीचे झालेले युरोपातले. त्यात दुथडी भरलेली नदी, तिच्यातून चाललेल्या मालवाहू बोटी, काठाला धक्के आणि गोदामे. जर्मनीतले ऱ्हाइनकाठचे कोलोन घ्या. इ.स. ५० मध्ये रोमन साम्राज्याने त्याला वसाहतीचा दर्जा दिला आणि तेव्हापासून नदी हाच त्या शहराचा हमरस्ता राहिला. सैन्य नदीने आले, दारूची पिंपे आणि दगड नदीने आले आणि शहर नदीच्या कडेने वाढत गेले.

ही दोन्ही चित्रे मनात घेऊन कुणी जालना, भोकरदन किंवा जाफराबादला आला तर तो गोंधळून जाईल. कुंडलिका, केळणा, जुई, गिरजा, दुधना या नद्या वर्षातले कितीतरी महिने वाळू, दगडगोटे आणि मधूनमधून साचलेली डबकी एवढ्याच रूपात दिसतात. होडी चालवावी असे पाणी त्यांना क्वचित असते. माल वाहून नेण्याचे काम त्यांनी कधी केले नाही. तरीही गावे त्यांनाच धरून बसली आहेत आणि तीही आजकालची नव्हेत, त्यांतले एक तर दोन हजार वर्षे जुने आहे. नदी जर वाट नव्हती आणि वर्षभराचे पाणीही देत नव्हती, तर नगर तिच्या काठी का बसले? जालना जिल्ह्याच्या नागर इतिहासात शिरायचे असेल तर या प्रश्नापासून सुरुवात करावी असे मला वाटते. नव्या अभ्यासकांचे स्वागत करताना मी राजे आणि लढाया यांच्याआधी हाच प्रश्न त्यांच्या हाती देतो.

आधी जमिनीचा उतार समजून घेऊ. जिल्ह्याच्या उत्तरेला अजिंठ्याचे डोंगर आहेत, दक्षिणेला गोदावरी. सुमारे ७,७०० चौरस किलोमीटरच्या या प्रदेशाचा कल ढोबळमानाने आग्नेयेकडे आहे. अजिंठ्याच्या रांगेतून निघालेली पूर्णा भोकरदन-जाफराबादच्या भागातून वाहते, केळणा आणि गिरजा तिला मिळतात. मध्यभागातली दुधना कुंडलिकेला पोटात घेऊन परभणीकडे जाते आणि पुढे पूर्णेलाच मिळते. पूर्णा शेवटी गोदावरीत जाते. म्हणजे जिल्ह्यातले बहुतेक पाणी वेगवेगळ्या वाटांनी एकाच नदीच्या घरी पोचते. फक्त दक्षिणेचा अंबड, घनसावंगी, परतूरकडचा पट्टा आपले पाणी थेट गोदेला देतो. खाली सगळा काळा पाषाण, म्हणजे दख्खनचा बसाल्ट. त्यावर मुरूम, त्यावर काळी माती. या खडकात पाणी फार मुरत नाही आणि मुरलेले फार टिकत नाही. अपवाद असतो तो नदीकाठच्या गाळाच्या पट्ट्याचा. नदीचे पात्र कोरडे पडले तरी वाळूत हात-दोन हात खणले की झिरा लागतो, काठावरच्या विहिरीला माळावरच्या विहिरीपेक्षा महिना-दोन महिने पाणी जास्त पुरते. आपल्याकडच्या कोरड्या दिसणाऱ्या नदीनेही गाव कसे धरून ठेवले, याचा पहिला अर्धा उलगडा इथे होतो.

दुसरा अर्धा उलगडा वाटेत आहे. आपल्या नद्यांवरून वाट जात नाही, त्यांना ओलांडून जाते. जिथे पात्रात खडकाची लाद वर आली आहे, काठ फार उंच नाहीत आणि पावसाळ्यातला पूर ओसरला की बैलगाडी उतरू शकते, तिथे उतार होतो. उताराशी वाटसरू थांबतो, जकातीचे नाके बसते, बैल सोडायला जागा लागते, मग दुकान, मग पेठ. पूर चढला की तांडे दोन्ही काठांवर अडकून पडतात आणि पेठेची वस्ती वाढते. ऱ्हाइनचे शहर नदीच्या लांबीने वाढले, आमचे नगर नदीच्या रुंदीवर बसले. आणि म्हणून आमच्याकडे नगराचा अभ्यास एका काठावर उभे राहून होत नाही. दोन्ही काठ आणि मधला उतार मिळून एक नगर होते, हे माझे या अभ्यासातले मुख्य सांगणे आहे.

याचा सर्वात स्पष्ट पुरावा एका लढाईने ठेवला आहे. भोकरदनच्या पूर्वेला आसई नावाचे गाव आहे. तिथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांच्या सैन्याची इंग्रजांशी लढाई झाली. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. त्याच्या हाताखाली साधारण सात हजार माणसे होती. मराठ्यांची फौज त्याच्या कितीतरी पट. शिंद्यांच्या कवायती पलटणींचे नेतृत्व अँथनी पोहलमन करत होता. हा मूळचा हॅनोव्हरचा, म्हणजे लाइने नदीकाठच्या जर्मन मुलखातला माणूस. हॅनोव्हरचा सत्ताधीश आणि इंग्लंडचा राजा त्या काळी एकच होता, त्यामुळे हॅनोव्हरच्या पलटणी मद्रासेत आल्या होत्या, आणि त्या वाटेने आलेला हा शिपाई पुढे शिंद्यांच्या चाकरीत वर चढला. आमच्या केळणेकाठच्या मातीत एका जर्मन नदीकाठचा माणूस तोफांची रांग लावून उभा होता, ही गोष्ट भोकरदन तालुक्यातल्या किती मुलांना शाळेत कळते?

मराठी फौज केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात उभी होती. समोर केळणा, काठ उंच आणि उभे. ओळखीच्या उतारांवर पहारा होता. वेलस्लीच्या वाटाड्यांनी त्याला सांगितले की पुढे दुसरा उतार नाही. पण दुर्बिणीतून त्याला नदीच्या अलीकडे एक गाव आणि अगदी समोर पलीकडे दुसरे गाव दिसले. इंग्रजी कागदांत त्यांची नावे पिंपळगाव आणि वरूर अशी आहेत. दोन गावे इतकी जवळ, समोरासमोर असतील तर त्यांच्यात येण्याजाण्याची वाट असणारच, असा त्याने तर्क केला. तपासायला माणूस धाडला, उतार सापडला आणि फौज तिथून पार झाली. पोहलमननेही चपळाई दाखवली. नदीकडे तोंड करून उभी असलेली आपली रांग काटकोनात वळवून त्याने ती दोन नद्यांच्या मधे आणली. बेचके अरुंद असल्यामुळे मराठ्यांची मोठी संख्या मोकळी पसरू शकली नाही. तोफांनी मात्र इंग्रजांची भयंकर हानी केली. मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून त्यांचे १,५८४ लोक गेले. दिवसाअखेर मराठ्यांच्या ९८ तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या होत्या.

या लढाईवर इंग्रजीत पुष्कळ लिहिले गेले आहे, मुख्यतः वेलिंग्टनच्या चरित्राचा एक भाग म्हणून. आपण ती दुसऱ्या डोळ्यांनी वाचली पाहिजे. त्या दिवशीचा निर्णायक पुरावा दोन गावांच्या समोरासमोर असण्यात होता, म्हणजे आमच्याच आजे-पणज्यांनी वसवलेल्या गावठाणांच्या जागेत होता. ती जागा त्यांनी पूर, पाणी, शेती आणि सोयरिकी बघून निवडली होती. परक्या सेनापतीला ती वाचता आली. ती आपल्याला वाचता येत नसेल तर ते बदलले पाहिजे. आणि हेही सांगितले पाहिजे की त्या बेचक्यात पडलेल्या मराठी गोलंदाजांच्या बाजूने, त्यांच्या कागदांतून ही लढाई लिहायचे काम अजून बरेच बाकी आहे.

आता हीच दृष्टी जालना शहराकडे वळवू. आज शहरातला माणूस सहज बोलतो, 'मी जुन्या जालन्यात राहतो, दुकान नव्या जालन्यात आहे.' मधे कुंडलिका. नव्या जालन्याच्या बाजूला कादराबाद, जी एके काळी तटबंदीची स्वतंत्र वस्ती होती. इकडे जुने गाव, मस्तगडचा किल्ला, आनंदीस्वामींचे मंदिर. पिंपळगाव आणि वरूरसारखीच ही जोडी आहे, फक्त तिचा विस्तार वाढून एक शहर झाले. लोखंडी पूल आणि रामतीर्थ पूल यांवरून रोज जी वर्दळ चालते, तिच्या खाली जुना उतार आहे. शहराच्या नकाशात दोन बाजारपेठा, दोन तऱ्हेची वस्ती, मशिदी आणि देवळांची वेगवेगळी गर्दी दिसते. तिचे कारण शोधताना काठ हा पहिला विचार हवा.

शहराचा राजकीय इतिहास गॅझेटियरांत बऱ्यापैकी नोंदवलेला आहे, म्हणून मी त्यावर भरभर जातो. अहमदनगरच्या निजामशाहीत आणि नंतर मोगलाईत जालना हे महत्त्वाचे ठाणे होते. अकबराच्या दक्षिण मोहिमेत अबुल फजलचा इथे मुक्काम होता. १६७९ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी जालन्याची पेठ लुटली. त्यांच्या हयातीतली ही शेवटची मोठी लूट. बखरींत शहराचे नाव जालनापूर असे येते. पेठ लुटावी इतकी श्रीमंत होती, हे त्या घटनेतले नगर-इतिहासाच्या दृष्टीने मोलाचे वाक्य आहे. पहिल्या निजाम-उल-मुल्काला औरंगाबादपेक्षा जालन्याची हवा अधिक मानवत असे, आणि त्याच्या हुकमाने काबिलखानाने १७२५ मध्ये गावाच्या पूर्वेला किल्ला बांधला. १८०३ मध्ये आसईच्या लढाईआधी तीन आठवडे इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनने हा किल्ला घेतला. त्यानंतर हैदराबादच्या कंटिंजंट फौजेची छावणी आली. ती १९०३ पर्यंत राहिली आणि सदर बाजार मागे ठेवून गेली. छावणीच्या काळातच रेव्हरंड नारायण शेषाद्री या मराठी धर्मोपदेशकाने शहराजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती उभी केली. तिच्याबद्दल कुणीतरी सविस्तर, आपुलकीने लिहावे असे मला फार वाटते, कारण दलित कुटुंबांनी स्वतःची जमीन, विहीर आणि शाळा मिळवण्याची मराठवाड्यातली ही फार लवकरची धडपड आहे.

मात्र पाण्याच्या इतिहासावर मला थांबायचे आहे. जालन्याचा खरा नागर इतिहास तिथे आहे. सोळाव्या शतकात जमशेदखान नावाच्या सुभेदाराने शहराच्या पश्चिमेला मोती तलाव बांधला. गॅझेटियरमधल्या वर्णनाप्रमाणे या तलावातून जमिनीखालून नळ घालून पाणी शहरातल्या हौदांपर्यंत आणले होते. त्याच जमशेदखानाने काळी मशीद बांधली, तिच्यासोबत हमाम आणि समोर सराई. ही रचना नीट पाहा. वर तलाव, खाली नळ, मग हौद, मग हमाम, मग उतारूंची सराई. पाणी उंचावर अडवायचे, उताराने गावात आणायचे आणि वाटसरूंच्या मुक्कामाशी जोडायचे. नदी दारातून वाहते आहे, पण शहर तिच्यावर विसंबून राहिलेले नाही. तिच्या वरच्या अंगाला पाणी साठवून त्याने स्वतःची सोय केली आहे. औरंगाबादच्या नहरींवर पुष्कळ लेखन झाले, पर्यटकही जातात. जालन्याच्या या नळांचा माग काढून त्यांचा एक नकाशा करणे हे एखाद्या स्थापत्यशास्त्राच्या आणि एखाद्या इतिहासाच्या विद्यार्थ्याने जोडीने करण्यासारखे काम आहे.

हीच रीत विसाव्या शतकात पुन्हा दिसते. १९३० च्या दशकात बेझनजी या पारशी उद्योजकाच्या पुढाकाराने शहराच्या वरच्या अंगाला, कुंडलिकेवर घाणेवाडीचा तलाव झाला. तिथूनही पाणी विजेच्या पंपाशिवाय, केवळ उताराने शहरात येत असे. पुढे शहर वाढले. जायकवाडीच्या पाण्याकडे डोळे लागले, लांबून जलवाहिनी आली, घाणेवाडीत गाळ भरत गेला. मग २०१० च्या सुमारास शहरातल्याच लोकांनी वर्गणी काढून, यंत्रे लावून तो गाळ काढायला सुरुवात केली आणि तो शेतकऱ्यांनी आपल्या रानात नेऊन टाकला. २०१२-१३ चा दुष्काळ ज्यांनी जालन्यात काढला त्यांना टँकरमागे धावणाऱ्या गल्ल्या आणि वाळून गेलेल्या मोसंबीच्या बागा आठवत असतील. त्या काळात घाणेवाडीचा काढलेला गाळ किती उपयोगी पडला हे वेगळे सांगायला नको. चारशे वर्षांच्या अंतराने दोन तलाव, दोघांची युक्ती एक. शहराच्या इतिहासाचा असा सलग धागा राजवटींच्या यादीत कधी सापडत नाही.

आणि कुंडलिका? शहरात तिला सीना येऊन मिळते. दोन्ही नद्यांची पात्रे आज शहराच्या सांडपाण्याने भरलेली आहेत. त्यांच्यावर अतिक्रमणे झाली आहेत. नद्या साफ करण्याचे प्रयत्नही झाले आहेत, त्या प्रयत्नांत मनापासून राबलेली माणसे आहेत. अभ्यासकाने इथे तटस्थ राहावे असे कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. नदीचा जुना काठ कुठे होता, पूररेषा कुठे होती, उतार कुठे होता, हे कागदावर नीट मांडणे हीच त्या नदीची अभ्यासकाने करायची सेवा आहे. बांधकामाची परवानगी द्यायला बसलेल्या माणसापुढे असा कागद असला तर फरक पडतो.

आता दोन हजार वर्षे मागे जाऊ. केळणेकाठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भरहुतच्या स्तूपांवरील लेखांत दान देणाऱ्यांची गावे कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनचे लोक आहेत. आमच्या तालुक्याच्या गावातून निघून विंध्य ओलांडून गेलेल्या माणसांची ही नोंद. प्रतिष्ठान, म्हणजे पैठण, इथून उत्तरेला उज्जयिनीकडे जाणाऱ्या मार्गावर भोगवर्धन होते असे अभ्यासक मानतात. पुन्हा तेच, नदी ओलांडणारी वाट. १९७३ मध्ये नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून इथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी त्याचा अहवाल सिद्ध केला. सातवाहन काळातली भरभराटीची वस्ती उजेडात आली, मणी घडवणाऱ्या कारागिरांची कामे उजेडात आली.

त्या उत्खननातली एक वस्तू जरा जवळून पाहू. हस्तिदंतात कोरलेली स्त्रीमूर्ती, हाताच्या पंजात मावेल एवढी. अशीच एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पाँपेई शहराच्या उत्खननात सापडली होती. पाँपेई इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे ती मूर्ती त्याआधीच भारतातून तिथे पोचलेली होती. ती मूर्ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्या अंगावरचे दागिने, बाजूच्या दासी आणि उभे राहण्याची ढब भोकरदनच्या मूर्तीशी इतकी जुळते, की पाँपेईच्या मूर्तीचे मूळ मथुरेकडे किंवा वायव्येकडे शोधावे की दख्खनमध्ये, या चर्चेत भोकरदनचे नाव पुढे आले. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरलाही अशी मूर्ती मिळाली आहे. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांनी कोरीवकाम केल्याचा लेख आहे, आणि त्याच सांचीत भोगवर्धनचे दाते आहेत. हे सगळे दुवे एकत्र ठेवले की केळणेकाठचे एक गाव एका बाजूला विदिशेशी आणि दुसऱ्या बाजूला भूमध्य समुद्राशी जोडलेले दिसू लागते. ज्या शतकात ऱ्हाइनकाठी कोलोनची वसाहत उभी राहत होती, त्याच शतकात केळणेकाठी हस्तिदंत आणि मणी घडत होते, आणि दोन्ही टोकांचा माल रोमच्या एकाच बाजाराच्या आवाक्यात होता. भोकरदनच्या शाळकरी मुलीला हे सांगताना तिचा चेहरा कसा उजळतो, ते पाहण्यासारखे असते.

अशा जुन्या वस्तीच्या जागेला आपण पांढर म्हणतो. शेकडो वर्षांच्या राखेने आणि राबत्या मातीने ती पांढुरकी झालेली असते. पांढरीची माती घराला आणि शेताला चांगली, म्हणून लोक ती खणून नेत आले. त्यांना दोष देऊन चालणार नाही. पण एकदा खापराचे, मण्याचे थर उपसले गेले की इतिहासाचे ते पान कायमचे गेले. म्हणून नव्या अभ्यासकाला माझी पहिली विनंती अशी, की आपल्या गावाची पांढर कुठे आहे, किती उरली आहे, नदीपासून किती उंचीवर आहे, एवढे तरी नकाशावर नोंदवून ठेवा. वस्तू उचलू नका. छायाचित्र घ्या आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.

या अभ्यासाला लागणारी साधने बऱ्याच ठिकाणी आणि बऱ्याच भाषांत विखुरलेली आहेत. जालना १९८१ च्या १ मेपर्यंत स्वतंत्र जिल्हा नव्हता. त्याआधीचा त्याचा बहुतेक भाग औरंगाबाद जिल्ह्यात, तर परतूरकडचा परभणीत होता, त्यामुळे जुन्या नोंदी त्या नावांखाली शोधाव्या लागतात. १८८४ चे औरंगाबाद जिल्ह्याचे गॅझेटियर हा चांगला आरंभ. मोगल काळासाठी हैदराबादच्या पुराभिलेखागारातले फारसी कागद आहेत. सेतुमाधवराव पगडींनी 'मोगल दरबाराची बातमीपत्रे' मराठीत आणून आपल्यासाठी त्या जगाचे दार उघडले आहे. अंबडसाठी होळकरांचे कागद पाहावे लागतात. मत्स्योदरी देवीच्या मंदिराशी अहिल्याबाईंचे नाव जोडलेले आहे. आसईसाठी वेलस्लीची पत्रे. निजामी महसूलखात्याचे उर्दू कागद तालुक्याच्या कचेऱ्यांत धूळ खात पडलेले असतात. उर्दू वाचणारी पिढी आपल्या शेजारच्याच मोहल्ल्यात आहे. तिच्याकडे जाऊन बसायला हवे. मोडी शिकायला एक उन्हाळा पुरतो, असा माझा विद्यार्थ्यांना भरवसा असतो.

जर्मनीकडून घेण्यासारख्या मला दोन-तीन गोष्टी दिसतात. पहिली गोष्ट गावांच्या अंतरांची. १९३३ मध्ये वॉल्टर ख्रिस्टालर या भूगोलतज्ज्ञाने दक्षिण जर्मनीतली गावे अभ्यासून मांडले, की गावांचे आकार आणि अंतरे योगायोगाने ठरत नाहीत. भोवतालच्या लोकांना कोणती सेवा किती लांबून आणावी लागते यावर ती ठरतात. ही मांडणी जालन्याच्या मोंढ्याला, म्हणजे धान्यबाजाराला, लावून पाहण्यासारखी आहे. १९०० च्या सुमारास रेल्वे आली आणि मोंढ्याचा पल्ला बदलला. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली आणि जालना बियाण्यांचे गाव झाले. बारवाल्यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. लोखंडी सळ्यांचे कारखाने आले. 'जालना सोने का पालना' ही म्हण जुन्या पेठेवरून पडली असली, तरी तिच्यात दर शतकाने नवा माल भरला. यातले काहीच नदीने आणलेले नाही. सगळे सडकेने आणि रुळांनी आणले, आणि सडक व रूळ दोन्ही नदी ओलांडून येतात.

दुसरी गोष्ट नगरांच्या नकाशासंग्रहाची. इतिहासकार हाइन्झ स्टूब यांच्या पुढाकाराने १९७३ पासून जर्मन नगरांचे नकाशासंग्रह छापायला सुरुवात झाली. प्रत्येक नगराचा जुन्या मोजणीवर आधारलेला, १:२५०० प्रमाणाचा नकाशा, म्हणजे ज्यात घरन् घर दिसते. सर्व नगरांना एकच प्रमाण ठेवल्यामुळे कुठलेही दुसऱ्याशी ताडून पाहता येते. तिसरी गोष्ट पासाउची. डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्यांच्या संगमावरच्या या गावाने आपल्या टाउन हॉलच्या भिंतीवर महापुरांच्या खुणा तारखांसह कोरून ठेवल्या आहेत. २०१३ चा पूर हा १५०१ नंतरचा सर्वात मोठा, हे तिथला माणूस भिंतीकडे बोट करून सांगू शकतो. आमच्या गावांतही म्हाताऱ्यांना ठाऊक असते की कोणत्या साली पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढले. ते फक्त कुठे कोरलेले नाही.

तेव्हा या क्षेत्रात येणाऱ्यांनी सुरुवात एका गावापासून करावी. जाफराबाद घ्या, शहागड घ्या, जिथे गोदावरी ओलांडून पलीकडे बीड जिल्हा लागतो, नाहीतर आपले स्वतःचे गाव घ्या. एकदा वैशाखात जा, पात्र कोरडे असताना. खडकाची लाद, जुन्या गाडीवाटेची चाकोरी, झिरे, काठावरच्या विहिरी नोंदवा. पुन्हा भाद्रपदात जा आणि पाणी कुठपर्यंत येते ते पाहा. दोन्ही काठांवरच्या माणसांशी बोला. एकाच काठावर ऐकलेली हकिकत अर्धी असते. कोणत्या काठाच्या मुली कोणत्या काठाला दिल्या जातात, जत्रेची पालखी कुठून नदी ओलांडते, प्रेतयात्रा कोणत्या वाटेने जाते, बाजाराला कोण कुठे उतरते, हे विचारा. मग ते सगळे १:२५०० च्या कागदावर मांडा. कुंडलिकेच्या दोन्ही काठांचा असा एक कागद जर पाच-सहा वर्षांत तयार झाला, त्यात मोती तलावाचे नळ, कादराबादची वेस, मस्तगड, घाणेवाडीची जलवाहिनी आणि पुराच्या रेषा एकत्र आल्या, तर पुढच्या अभ्यासकांना आमच्यासारखी गॅझेटियरपासून सुरुवात करावी लागणार नाही.